जुनी बोट घेताय? इंजिनखालचं पाणी कुठून येतं ते आधी शोधा

मागच्या व्हिडिओत आपण वापरलेली मशिनरी विकत घेण्याबद्दल बोललो. आज त्याच मालिकेतली जुनी बोट. नांदगावात बसून बोटीच्या गप्पा म्हटलं की हसू येईल, कारण आपली ओळखच टँकरची. पण गिरणा धरण आपल्याच तालुक्यात आहे, आणि धरणावर बोटिंग सुरू करावं हा विचार बऱ्याच पोरांच्या डोक्यात असतो.

समजा, तुम्ही मालवणकडे एक बोट बघायला गेलात. इंजिन आत, फळीखालच्या खणात. झाकण उघडलं तर खाली चार बोटं पाणी. मालक म्हणतो, "अहो, बोट म्हटल्यावर पाणी येणारच. पंप लावला की जातं." तो अगदीच खोटं बोलत नाही. पण ते कुठून येतं हे कळल्याशिवाय किमतीचं बोलू नका. एका कारणाचा इलाज दोरीच्या तुकड्यात होतो, दुसऱ्यासाठी बोटीचा तळ उघडावा लागतो.

आधी पाणी पूर्ण उपसा आणि फडक्याने खण कोरडा करा. ओल्या खणात कारण कधीच सापडत नाही. मग संशयाच्या जागांखाली वर्तमानपत्र पसरा, सांध्यांवर टाल्कम पावडर शिंपडा. ओघळ आला की पावडरीत रेघ उमटते. पाणी जिथे साचतं तिथूनच आत येतं असंही समजू नका. बोट मागून जड असते, त्यामुळे पुढून आलेलं पाणीही मागेच जमतं.

आता वेळ बघा. रात्रभर इंजिन बंद, बोट बांधलेली, तरी सकाळी पाणी? मग तळाचा सांधा, तळातून जाणारा एखादा पाइप किंवा वरून आलेला पाऊस. बांधलेल्या बोटीत इंजिन चालू केल्यावरच येतं? मग थंड करणाऱ्या पाण्याचा पंप, त्याचे होज, नाहीतर धुराड्याचा सांधा. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत असतील तर आतलं सील गेलं. पाण्याला हिरवा किंवा लाल रंग असेल तर ते बहुतेक कूलंट. आणि समुद्रातल्या बोटीत एक सोपी युक्ती: दोन थेंब स्टीलच्या ताटलीवर वाळवा. पांढरं मीठ उरलं तर समुद्राचं पाणी आत येतंय. चाखून बघू नका, त्यात डिझेल असतं.

पंखा फिरवणारा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे ग्लँड असतो. विहिरीवरच्या मोटर पंपाची ग्लँडची दोरी तुम्ही बदलली असेल, तर हे तुम्हाला शिकवायला नको. दोरीवाल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थेंब थेंब पडलंच पाहिजे, त्यावरच तो थंड राहतो. फिरणं थांबल्यावर थेंबही थांबावा, निदान जवळजवळ थांबावा. गळती दिसू नये म्हणून कुणी नट करकचून आवळले असतील तर शाफ्ट तापतो आणि त्याला चरे पडतात. म्हणून ठणठणीत कोरडा ग्लँड दिसला की खूश होऊ नका. इंजिन चालवा आणि बाहेरून हात जवळ नेऊन ऊब बघा. फिरत्या शाफ्टला मात्र हात लावायचा नाही.

पण खरी फसगत होते ती रिकाम्या बोटीत. विकणारा तुम्हाला एकट्याला फेरी मारून आणतो, सगळं कोरडं. पुढे पंधरा गिऱ्हाइकं बसली की बोट खाली बसते आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचं तोंड पाण्याखाली जातं. पंप थांबला की त्याच नळीतून पाणी उलटं आत! त्यात समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, म्हणजे तीच बोट गिरणेत आणखी थोडी खाली बसणार. म्हणून वाळूच्या गोण्या हळूहळू चढवत, ठरलेल्या माणसांच्या वजनाइतका भार घाला, किनाऱ्याजवळच. अर्धा तास चालवा, बंद करा आणि पुन्हा झाकण उघडा. यात कंटाळा करू नका. उद्या त्या गोण्यांच्या जागी लेकुरवाळी कुटुंबं बसणार आहेत. दोष नळीचा निघाला तर तोंड वर घेऊन आणि नळीला उंच वळण देऊन तो सुटतो. वळणाच्या टोकाला हवा घेणारी झडप हवीच.

कागदांचंही विसरू नका. इंजिनाच्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी लागते, धरणासाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी.

ग्लँडच गळत असेल तर मालकाला तुमच्यासमोर दोरी बदलायला सांगा, भार घालून पुन्हा चालवा, मग भाव ठरवा. पाणी तळाच्या सांध्यातून येत असेल तर बोट बांधणाऱ्या कारागिराकडून दुरुस्तीचा खर्च लेखी घ्या. तो आकडा हातात येईपर्यंत टोकन खिशातच ठेवा.