एका सामुराई घराण्याची वंशावळ आणि तिचा हिशेब

वंशावळीचा तक्ता समोर ठेवला म्हणजे वरून खाली एक सरळ रेघ दिसते: बाप, मुलगा, नातू, पणतू. पाहणाऱ्याची समजूत होते की घराणे रक्ताच्या जोरावर चालत आले. जपानातील उएसुगी या नामांकित सामुराई सरदारघराण्याचा तक्ता या समजुतीला धक्का देतो. त्यात रक्ताची रेघ पुन्हा पुन्हा तुटली आहे आणि प्रत्येक वेळी दत्तकाने सांधली आहे. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. कोणताही कागद पुढे आला की खर्च कोणाच्या नावे टाकला आहे हे प्रथम पाहतो. या वंशावळीकडेही आम्ही त्याच नजरेने पाहणार आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जपानी सरदारांत घराणे म्हणजे केवळ नातेवाइकांचा गोतावळा नव्हे. नाव, जहागीर, पूर्वजांची पूजा आणि पदरचे सेवक हे सर्व मिळून घराणे होई. घराण्याचा प्रमुख हा त्या ठेव्याचा त्या पिढीपुरता राखणदार. म्हणून औरस मुलगा नसेल तर भाचा, जावई, प्रसंगी परका मुलगाही दत्तक घेत. आणि दत्तक आलेला कमी प्रतीचा मानला जात नसे.

उएसुगींचे नाव ज्यांच्यामुळे गाजले ते केनशिन (१५३० ते १५७८) हे मुळी जन्माने उएसुगी नव्हतेच. ते एचिगो प्रांतातील नागाओ कुळातले. पराभूत होऊन आश्रयाला आलेल्या उएसुगी नोरिमासा यांनी १५६१ साली आपले नाव आणि अधिकार त्यांच्या स्वाधीन केले. केनशिन यांनी लग्न केले नाही. त्यांचे दोन दत्तक पुत्र होते, एक बहिणीचा मुलगा कागेकात्सु आणि दुसरा होजो घराण्यातून आलेला कागेतोरा. केनशिन वारले आणि दोघांत वारसाहक्काचे युद्ध पेटले. १५७९ साली कागेतोरा यांचा अंत झाला व कागेकात्सु घराण्याचे धनी झाले.

येथून हिशेबाला सुरुवात होते. जपानात जहागिरीचे मोल कोकु या मापात सांगत. एक कोकु म्हणजे सुमारे दीडशे किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. १५९८ साली हिदेयोशींनी कागेकात्सु यांना आइझु येथे बारा लाख कोकुंची जहागीर दिली. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली. कागेकात्सु तोकुगावांच्या विरुद्ध पक्षात होते. त्याची शिक्षा म्हणून १६०१ साली त्यांना योनेझावा येथे तीन लाखांवर आणून बसविले. उत्पन्न चौथाईवर आले, तरी त्यांनी पदरच्या माणसांना घालवून दिले नाही. कामावरून कमी झालेल्या माणसाच्या घरी काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निर्णयाचा मोठेपणा सांगावयास नको.

पुढचा घाव वंशानेच घातला. १६६४ साली कागेकात्सु यांचे नातू त्सुनाकात्सु अकस्मात वारले. त्यांना मूल नव्हते आणि दत्तकाची नोंदही झालेली नव्हती. नियमाप्रमाणे संस्थान खालसा व्हावयाचे. परंतु त्सुनाकात्सु यांचे सासरे होशिना मासायुकी हे शोगुनच्या घराण्यातले वजनदार गृहस्थ. त्यांनी मध्यस्थी केली. त्सुनाकात्सु यांची बहीण कीरा योशिनाका यांना दिलेली होती. तिचा तान्हा मुलगा त्सुनानोरी या नावाने गादीवर बसविण्यात आला. घराणे वाचले, पण जहागीर निम्मी गेली आणि दीड लाख उरली.

हेच कीरा योशिनाका पुढे सत्तेचाळीस रोनिनांच्या सूडाला बळी पडले. १७०३ सालच्या जानेवारीत त्यांना वाड्यात शिरून मारण्यात आले, तेव्हा त्यांचा मुलगा त्सुनानोरी उएसुगींचा प्रमुख होता. त्याने फौज बाहेर काढली नाही. काढली असती तर उएसुगींचे उरलेसुरले संस्थानही बुडाले असते. त्सुनानोरींचा दुसरा मुलगा कीरा आजोबांना दत्तक गेला होता. त्याला स्थानबद्ध करण्यात आले, १७०६ साली तो कैदेतच वारला आणि कीरांचे घर बुडाले. एका घराण्याला वारस देणारे घर असे निर्वंश झाले.

आता मूळ हिशेबाकडे वळू. बारा लाखांचे दीड लाख झाले, म्हणजे उत्पन्न एक अष्टमांश. पदरी सेवकांची कुटुंबे मात्र सुमारे पाच हजार होती. केनशिनांच्या घराण्याचा थाट कमी करणे मानकऱ्यांना अपमानाचे वाटे. मोठे घर, पोकळ वासा अशी ही अवस्था. मग सेवकांच्या तनख्याचा भाग ‘उसना’ म्हणून राखून ठेवण्यास सुरुवात झाली. नाव उसनवारीचे, काम पगारकपातीचे. शेतकऱ्यांवर कर, सावकारांकडे कर्ज. अठराव्या शतकाच्या मध्यास स्थिती अशी झाली की प्रमुख शिगेसादा यांनी संस्थान शोगुनला परत करण्याचा विचार चालविला.

अशा वेळी जो मुलगा आला त्याची वंशावळ बायकांच्या बाजूने वाचावी लागते. त्सुनानोरींची कन्या तोयोहिमे कुरोदा घराण्यात दिली होती. तिची मुलगी आकिझुकी घराण्यात गेली, आणि तिच्या पोटी १७५१ साली दुसरा मुलगा झाला, तोच हारुनोरी. शिगेसादांना मुलगा नव्हता. तोयोहिमेने आपल्या या नातवाचे नाव सुचविले. दक्षिणेकडील ताकानाबे या सत्तावीस हजार कोकुंच्या लहानशा संस्थानातला हा मुलगा १७६० साली दत्तक आला आणि १७६७ साली गादीवर बसला.

हारुनोरींनी कपात स्वतःपासून सुरू केली. दीड हजार र्‍यो असलेला आपला घरखर्च त्यांनी २०९ र्‍योंवर आणला, वाड्यातील पन्नास दासींच्या जागी नऊ ठेवल्या. अंगावर सुती कपडा, जेवणात एक सार आणि एक भाजी. पुढे लाखेची झाडे, तुती आणि कागदाचे झाड यांची प्रत्येकी दहा लाख रोपे लावण्याची योजना निघाली. १७७६ साली एचिगोहून विणकर आणून विणकाम सुरू केले आणि सामुराईंच्या घरच्या बायका मागावर बसल्या. योनेझावाच्या कापडाची ख्याती येथून वाढली. त्या कापडाचा प्रत्येक वार घराण्याच्या जमेच्या बाजूस आहे, पण वंशावळीत त्या बायकांचे नाव नाही.

जुन्या मानकऱ्यांना हे रुचले नाही. १७७३ साली सात वरिष्ठांनी सुधारणा रद्द करण्याची लेखी मागणी केली. हारुनोरींनी इतर अधिकाऱ्यांना बोलावून विचारले की लोकांचे खरोखर हेच म्हणणे आहे काय? उत्तर ‘नाही’ असे आले. सातांपैकी दोघांना पोट फाडून घेण्याची आज्ञा झाली, बाकीच्यांना कैद व तनखाकपात. ते सातजण स्वतःच्या मानासाठी भांडत होते हे खरे. तरीही अर्ज करणाऱ्याला मृत्युदंड हा न्याय आम्हांला मान्य होण्यासारखा नाही. चांगला धनी झाला तरी तो धनीच, हे येथे विसरता येत नाही.

तथापि वारसाच्या बाबतीत हारुनोरींनी जे केले ते विरळा होय. ते दत्तक आल्यानंतर शिगेसादांना हारुहिरो हा औरस मुलगा झाला होता. हारुनोरींनी १७८५ साली, वयाच्या पस्तिशीच्या आत, गादी त्याच्या स्वाधीन केली आणि सोबत तीन कलमांचा एक उपदेश दिला. त्याचा आशय असा की राज्य व प्रजा ही राजाची खाजगी मालमत्ता नव्हे. राजा त्यांच्यासाठी आहे. हा कागद फ्रेंच राज्यक्रांतीच्या चार वर्षे आधीचा आहे.

हारुनोरींच्या दोन मुलांपैकी एक बालपणीच गेला. दुसरा, आकिताका, हारुहिरोंचा वारस ठरला होता. तोही १७९४ साली वारला. पुढची गादी शिगेसादांच्या नातवाकडे गेली. योझान हे उत्तरवयातील नाव धारण केलेले हारुनोरी १८२२ साली वारले. त्या सुमारास संस्थानाचे कर्ज बहुतेक फिटले होते. केनशिनांखालोखाल या घराण्यात ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांच्या रक्ताचा एकही धनी नंतर त्या गादीवर बसला नाही.

१८७१ साली संस्थाने संपली, १८८४ साली उएसुगींना काउंटाचा किताब मिळाला आणि १९४७ साली सरदारकीच रद्द झाली. योनेझावात आज उएसुगींची समाधिस्थळे उभी आहेत. घराणे अडीचशेहून अधिक वर्षे एका जागी टिकले ते कोणामुळे, याचे उत्तर तेथील नावांच्या यादीत अर्धेच मिळते. वारस पुरविणाऱ्या बहिणी व लेकी, तनखा अर्धा घेऊन राबलेले सेवक, कर भरणारे शेतकरी आणि मागावरच्या बायका यांची नावे मांडली म्हणजे हिशेब पुरा होतो. आपल्या गावातील कोणत्याही थोर घराण्याचा तक्ता हाती आला तर तोही असाच वाचून पाहावा, एवढीच आमची श्रोत्यांस विनंती आहे.