तेरेखोलचं ऊन आणि विजेचं बिल: गावच्या घरावर सोलर परवडतं का?

चवथीला सगळं घर एकत्र आलं की हल्ली एक विषय हमखास निघतो. जेवणं आटोपलेली असतात, आरतीला वेळ असतो आणि कुणीतरी म्हणतं, "छपरावर सोलर बसवूया का? सरकार पैसे देतंय म्हणे." मग पुण्याचा दादा आकडे सांगतो, मुंबईची आत्या तिच्या सोसायटीचा अनुभव सांगते, काका म्हणतात "पावसाळ्यात काय करणार?" आणि निर्णय पुढच्या चवथीवर जातो. पेडणे तालुक्यात, त्यातही तेरेखोल, केरी, पालयें, हरमल या समुद्राकाठच्या पट्ट्यात ज्यांचं घर आहे, त्यांना या प्रश्नाचं उत्तर पुणे-मुंबईच्या हिशेबावरून मिळणार नाही. तो हिशेब इथला वेगळा आहे, म्हणून हा लेख.

एक नदी, दोन बिलं

तेरेखोल नदी म्हणजे गोवा आणि महाराष्ट्र यांची सीमा, असं आपण शाळेत शिकलो. पण तेरेखोलचा किल्ला आणि गाव आहे नदीच्या उत्तर काठावर. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि तेव्हापासून हा तुकडा गोव्याकडे राहिला. आजही केरीहून फेरीबोटीने पलीकडे गेलात की तुम्ही गोव्यातच असता आणि तिथून थोडं पुढे रेडीला गेलात की महाराष्ट्र सुरू होतो.

ऊन दोन्हीकडे सारखंच पडतं. वीज मात्र सारख्या दराने मिळत नाही. रेडीच्या घराला महावितरणचं बिल येतं आणि तिथे महिन्याला १०० युनिटांच्या पुढे गेलं की वहन आकारासह एक युनिट दहा रुपयांच्या वर जातं. गोव्यात घरगुती वीज खूप स्वस्त आहे. गोव्याची वीज सरकारचं वीज खातंच पुरवतं, दर टप्प्याटप्प्याने वाढतात आणि पहिले १०० युनिट सगळ्यात स्वस्त असतात.

सोलरची कमाई म्हणजे वाचलेलं बिल. त्यामुळे जिथे वीज महाग, तिथे सोलर लवकर फिटतं आणि जिथे वीज स्वस्त, तिथे उशिरा. रेडीच्या मावशीकडे तीन वर्षांत पैसे वसूल झाले, म्हणून आपल्याकडेही होतील, असं धरून चालू नका.

आकडे मांडून बघू

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. तीन किलोवॅटच्या पुढे कितीही मोठी यंत्रणा बसवलीत तरी अनुदान तेवढंच. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे.

समजा, तीन किलोवॅटचं कोटेशन १,९०,००० रुपयांचं आलं. अनुदान वजा जाता तुमच्या खिशातून १,१२,००० जातील. कोकणपट्टीत एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,३०० युनिट धरायला हरकत नाही. म्हणजे तीन किलोवॅटचे ३,९०० युनिट, महिन्याला सरासरी ३२५.

आता वाचलेल्या युनिटाची किंमत धरू. ती १० रुपये असेल, तर वर्षाला ३९,००० वाचतात आणि तीन वर्षांत खर्च निघतो. ४ रुपये असेल, तर १५,६०० वाचतात आणि सव्वासात वर्षं लागतात. अडीच रुपयेच असेल, तर ९,७५० वाचतात आणि साडेअकरा वर्षं लागतात. याच १,१२,००० रुपयांची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाला ७,८४० व्याज मिळतं आणि मुद्दल शिल्लक राहतं. शेवटच्या घराने ठेवच ठेवलेली बरी.

यात इन्व्हर्टर धरायला विसरू नका. पॅनेलची हमी बहुधा २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची ५ ते १० वर्षांची. त्यामुळे मध्येच एकदा तो बदलायचा खर्च येणार. त्यासाठी समजा ३५,००० धरले, तर चार रुपयांच्या घराची सव्वासात वर्षं साडेनवांवर जातात. तरीही पुढे पंधरा वर्षं हातात उरतात.

आधी बिल बघा, मग छप्पर

कपाटातली गेल्या वर्षाची सगळी बिलं काढा. महिन्याला किती युनिट जातात आणि सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर किती, हे दोन आकडे लिहून घ्या. सोलर आधी वरचे, महाग युनिट वाचवतं आणि नंतर खालचे, स्वस्त. म्हणून गोव्यात पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो आणि तिसरा सगळ्यात कमी.

महिन्याला ८०-९० युनिट जळणाऱ्या, दोन पंखे आणि फ्रिजच्या घराने घाई करू नये. दीडशे-दोनशे युनिटच्या घराने एक-दीड किलोवॅटचा विचार करावा. दोन एसी, पंपाचं पाणी आणि गीझर असं चारशेच्या पुढचं घर असेल, तर तीन किलोवॅट गोव्यातही शोभतात. खोल्या पाहुण्यांना भाड्याने देऊन वीजजोडणी व्यावसायिक करून घेतली असेल, तर हे अनुदान मिळत नाही. ते फक्त घरगुती जोडणीला आहे.

घर चवथ, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतंच उघडत असेल, तर उत्तर बहुतेक 'नको' असंच आहे. बंद घरातली वीज ग्रिडमध्ये जाते. नेट मीटरमुळे ते युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात खरे, पण वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना आपण वीज विकत घेतो तो दर मिळत नाही.

माड, मीठ आणि पाऊस

एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १५ अंश कललेलं असावं. पण आपल्याकडे घराच्या चारी बाजूंना माड. एका झावळीची सावली दोन पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचं काम मंदावतं. शिवाय वरून नारळ पडायची भीती वेगळीच. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला अंगणात उभं राहून सावली कुठे पडते ते बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हाची सावली सगळ्यात लांब पडते.

छप्पर कौलारू असेल, तर जुन्या वाशांवर सगळा भार टाकण्याआधी सुताराला विचारा. गोठ्यावर, पडवीच्या स्लॅबवर किंवा अंगणात लोखंडी मांडव घालून पॅनेल बसवणं बऱ्याचदा सोपं जातं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती टिकतं हे आपल्या खिडक्यांचे गज सांगतात. म्हणून सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा जाड गॅल्व्हनाइज केलेला, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि पॅनेल खाऱ्या हवेची चाचणी झालेलं, हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. डिचोलीच्या खाणपट्ट्यात घर असेल, तर मिठाऐवजी तांबडी धूळ. तिथे उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पाणी मारायला माणूस हवा.

काकांचा पावसाचा प्रश्नही रास्त आहे. जुलैत वीज मार्च-एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास येते. वर्षाला १,३०० युनिट हा आकडा ते धरूनच आहे. मात्र पावसाळ्यातली बिलं पूर्ण शून्य होतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

लाइट गेली की?

इथे बहुतेकांची निराशा होते. साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गोव्यात खांब कोसळले, अनेक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. तशा वेळी छपरावर लख्ख ऊन आणि घरात काळोख असं होऊ शकतं. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल, तर बॅटरीची हायब्रिड यंत्रणा लागते. तिचा खर्च बराच वाढतो आणि वरचा हिशेब कोलमडतो. पंखे-दिव्यांपुरता जुना इन्व्हर्टर असेल, तर तोच चालू ठेवणं शहाणपणाचं.

नाव कुणाचं?

गावच्या घराचा खरा गुंता इथे असतो. वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर, घर चार भावांचं, राहतात फक्त आई-बाबा. अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं यांवरचं नाव जुळलं नाही, तर अनुदान अडकतं. आधी वीज खात्यात नाव बदलून घ्या. बाकीच्या हिस्सेदारांशीही आधीच बोला आणि पैसे कोण घालणार, पुढे वाटणी झाली तर यंत्रणा कुणाची, हे एका कागदावर सह्या करून ठेवा. एक लाखाच्या पॅनेलवरून भावाभावांत अबोला आला, तर तो कुठल्याच हिशेबात फिटत नाही.

नाव नीट झालं की पुढचं सोपं आहे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो आणि दहा किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीची अट नाही. विक्रेते तीन तरी बघा आणि पावसाळ्यात बिघाड झाला तर पेडण्यापर्यंत माणूस किती दिवसांत येईल, हे सगळ्यांना विचारा. सर्वांत स्वस्त कोटेशनवाला पणजीच्या पलीकडून येणार नसेल, तर तो स्वस्त नाही.

एक गोष्ट मात्र आकड्यात बसत नाही. गावी राहणारी आपली माणसं बिल वाढेल म्हणून मे महिन्याच्या दुपारी पंखा एकवर ठेवतात आणि आपण घेऊन दिलेला एसी फक्त आपण गेल्यावरच लागतो. त्यांचं बिल आपण भरतो म्हटलं तरी त्यांना ते रुचत नाही. छपरावरची वीज मात्र त्यांना आपली वाटते, विहिरीच्या पाण्यासारखी. हिशेब काठावर येत असेल आणि घरात वयस्क माणसं बारा महिने राहत असतील, तर हा मुद्दा 'बसवूया'च्या बाजूने धरा. हिशेब काठाच्याही खाली असेल, तर त्याच पैशांत पाच तारे असलेला फ्रिज आणि बीएलडीसी पंखे घेऊन द्या. बिल त्यानेही उतरतं आणि माडही तोडावे लागत नाहीत.