वजन उतरले, पण ताकद?

भात-भाकरी सोडली आणि आठवड्यात तीन किलो उतरलो, असे सांगणारे तरुण व्यायामशाळेत भेटतात. पण ही सगळी चरबी नव्हे. यकृतात व स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. हा साठा संपला की ते पाणी लघवीवाटे निघून जाते.

पिष्टमय पदार्थ रोज 50 ग्रॅमच्या खाली आले की यकृत चरबीपासून ‘कीटोन’ बनवते व शरीर बरेचसे त्यावर चालते. हाच कीटो आहार. 1921 मध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला गेला. त्याने चरबी घटते. पण प्रथिने कमी पडली तर स्नायूही झिजतात.

म्हणून व्यायाम करणाऱ्याने वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने घ्यावीत. 60 किलोच्या माणसाला साधारण 95 ग्रॅम लागतात. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतात, तुपात नाहीतच. तेव्हा अंडी, मासे, चिकन, पनीर यांवर भर द्यावा. जोर-बैठका, वजने उचलणे सोडू नये.

पहिले काही दिवस थकवा येतो. त्यानंतरही जोरांची संख्या घटतच राहिली, तर आहार चुकतो आहे असे समजावे.

मधुमेहाची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण व गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आहार सुरू करू नये.