हेन्री ऑक्झेंडनची रायगडची वाट

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची प्रत्यक्ष पाहिलेली हकीकत म्हणून इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याची रोजनिशी अभ्यासकांस सुपरिचित आहे. सिंहासनाचीं व सुवर्णतुलेचीं वर्णनें तींतून वारंवार घेतलीं जातात. परंतु हा वकील मुंबईहून गडाच्या पायथ्याशीं कोणत्या वाटेनें पोंचला, याचा विचार सहसा होत नाहीं. त्या वाटेचा बराच भाग पाण्याचा होता, आणि राजधानीसाठीं रायगडच कां निवडला गेला, या प्रश्नावर तिचा चांगला प्रकाश पडतो.

वकिलातीचें मूळ राजापुरास आहे. तेथील इंग्रजांची वखार १६६१ त महाराजांनीं लुटली. तेव्हांपासून भरपाईची बोलणीं चाललीं होतीं. तीं तडीस नेण्यासाठीं व व्यापाराच्या सवलती मिळविण्यासाठीं मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यानें १६७४ च्या मे महिन्यांत ऑक्झेंडनास पाठविलें. दुभाष्या नारायण शेणवी होता. पावसाळा तोंडावर आलेला. दिरंगाई झाली असती तर समुद्र बंद झाला असता.

पहिला टप्पा मुंबई ते चौल, हा समुद्रांतला. कुंडलिकेच्या मुखाशीं उत्तरेस रेवदंडा, म्हणजे पोर्तुगिजांचें तटबंदीचें चौल, आणि समोर दक्षिणेस कोर्लईचा किल्ला. मंडळी पोंचली तेव्हां रात्र पडून वेशीचे दरवाजे लागले होते. म्हणून त्यांस तटाबाहेरच मुक्काम करावा लागला. नजीकचें वरचें चौल मात्र महाराजांच्या अमलांत होतें व तेथें त्यांचा सुभेदार असे. इंग्रजांची मुंबई, पोर्तुगिजांचें रेवदंडें आणि मराठ्यांचें चौल, अशा तीन सत्ता या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यांत लागल्या.

दुसरा टप्पा खाडीचा. चौलाहून होडीनें कुंडलिकेंतून वर अष्टमीस जावयाचें. नदीच्या दुसऱ्या तीरावर रोहें. अशा खाडींत भरतीचें पाणी होडीस आंत नेतें व ओहोटी तिला परत समुद्राकडे आणते. म्हणून नाविक घटका पाहून निघतो. भरतीचा जोर जेथें संपतो तेथें जलमार्ग संपतो व डोंगरवाट सुरू होते. पुढें निजामपुरावरून पाचाडपर्यंत खुष्कीचा प्रवास झाला.

पाचाडास कळलें कीं, महाराज भवानीच्या दर्शनास प्रतापगडीं गेले आहेत. २२ मे रोजीं वर येण्याची आज्ञा झाली. ६ जूनच्या दरबारांत नारायण शेणव्यानें हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखविली, तेव्हां महाराजांनीं वकिलास सिंहासनाजवळ बोलावून वस्त्रें दिलीं. सिंहासनाच्या बाजूंस भाल्यांवर सोन्याचीं मत्स्यमुखें, अश्वपुच्छें व न्यायाचा तराजू त्यानें पाहिला. (या तारखा इंग्रजांच्या जुन्या पंचांगाच्या आहेत, ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ हा दिवस नव्या गणनेनें १६ जूनला येतो.) वाड्याच्या दाराशीं दोन लहान हत्ती उभे होते. असल्या बिकट चढानें ते वर आणले कसे, याचें त्यास मोठें नवल वाटलें.

हें नवल आणि ती होडी हीं दोन्हीं एकत्र ठेवून पाहिलीं पाहिजेत. रायगड दुर्गम खरा, परंतु एकाकी नव्हे. उत्तरेस कुंडलिकेची खाडी, दक्षिणेस सावित्रीवरचें महाड बंदर. या दोन्हीं वाटांनीं माल, बातमी व परकी वकील गडाच्या आसपास येऊं शकत. परक्या आरमारास मात्र खाडीचें पाणी संपेल तेथेंच थांबणें भाग होतें. पुढें डोंगर आणि महाराजांचीं ठाणीं. समुद्राशीं व्यवहार ठेवावा, पण समुद्राच्या माऱ्यांत बसूं नये, असें हें स्थान आहे.

तहांतही तीच वृत्ति दिसते. राजापूरच्या नुकसानीबद्दल १०,००० होन देण्याचें ठरलें व व्यापारास मोकळीक मिळाली. परंतु इंग्रजी नाणें सक्तीनें चालविण्याचें कलम महाराजांनीं पत्करलें नाहीं. नाणें आपल्या अंगच्या किंमतीनें चालेल, असा त्यांचा अभिप्राय होता. फुटक्या गलबतांवरील हक्कही कोंकणच्या रिवाजाप्रमाणें राजाकडेच राहिला. किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यास दार उघडें, पण किनाऱ्याची सत्ता आपल्याच हातीं, हें धोरण या कलमांत स्पष्ट आहे. म्हणून राज्याभिषेकाचा अभ्यास करणारानें सिंहासनाइतकेंच लक्ष कुंडलिकेच्या भरती-ओहोटीकडेही द्यावें, असें आम्हांस वाटतें.