शुगरची फाइल एकीकडे, कॅन्सरची दुसरीकडे

अहमदपुरातला शुगरचा पेशंट वर्षानुवर्षे गावातल्याच दवाखान्यात गोळ्या घेतो. पुढे काही गंभीर निघाले की लातूर, नांदेड, बार्शी, नाहीतर थेट मुंबईचे टाटा. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. जुनी फाइल घरी ट्रंकेत, तीही असली तर. त्यामुळे जुन्या आजाराचा आणि नंतरच्या कॅन्सरचा काही संबंध होता का, हे तपासायचे म्हटले तरी तपासता येत नाही.

नोंदी जुळल्या की काय हाती लागते, हे तैवानने दाखवले. पामर बीस्ले यांच्या चमूने तिथल्या २२,७०७ पुरुषांचे रक्त तपासले आणि पुढची काही वर्षे त्यांच्या मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. १९८१ मध्ये निष्कर्ष आले. यकृताच्या कॅन्सरने दगावलेल्या ४१ जणांपैकी ४० जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आधीपासून होता! आज बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत या विषाणूविरुद्धची लस देतात, त्यामागे अशा पुराव्याचे बळ आहे.

मधुमेहाचे गणित इतके सरळ नाही. यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर मधुमेहींमध्ये जास्त आढळतो. पण लठ्ठपणा आणि वय ही दोन्हींची सामाईक कारणे आहेत. शिवाय मधुमेहींच्या तपासण्या जास्त होतात, म्हणून आजार सापडतोही जास्त. स्वादुपिंडाच्या बाबतीत तर कधी गाडी उलटी धावते: आधी कॅन्सर, त्याच्यामुळे शुगर. पन्नाशीनंतर अचानक शुगर निघाली आणि वजनही झपाट्याने उतरत असेल, तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगावे. घाबरून जायचे कारण नाही. नव्याने शुगर निघालेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. संशोधकाला मात्र आधी काय आणि नंतर काय, हे कळायला तारीख हवी.

ग्रामीण भागात अशा नोंदी ठेवता येतात, हे आपल्या शेजारच्या बार्शीने सिद्ध केले. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात होती. पेशंट दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहत बसले असते, तर रजिस्टर अर्धे कोरे राहिले असते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगत, चौकशी करत. माझ्या मते खरी मेहनत ती. मात्र ही नोंद कॅन्सरची. त्या माणसाला आधी शुगर होती का, बीपी होते का, हे दुसऱ्याच दवाखान्याच्या कागदावर असते.

दोन कागद जोडायचे तर नाव जुळावे लागते. माहेरच्या नावाने एक केसपेपर, सासरच्या नावाने दुसरा, वय अंदाजे. २०२१ पासून देशभर सुरू झालेला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ही अडचण दूर करू शकतो, पेशंटची संमती असेल तर. पण जुन्या फायली त्यात आपोआप चढत नाहीत. पहिल्या शुगर रिपोर्टची तारीख अजून ट्रंकेतल्या कागदावरच आहे.