कुठला मारुती?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत "मारुतीपाशी थांब" एवढं सांगितलं की पुरतं. कुठला मारुती, असं कुणी विचारत नाही. गाव बदललं की तेच शब्द दुसऱ्याच देवळाकडे नेतात. पाथर्डी तालुक्यातल्या नांदूर निंबादैत्य गावात मात्र हे वाक्य अडतं. तिथलं दैवत निंबादैत्य. मारुतीचं देऊळ गावात नाही, मुलांची नावं मारुती ठेवत नाहीत, मारुती नावाची मोटारही घेत नाहीत.

क्यूएमएल शिकताना मला हे गाव सारखं आठवायचं. पडद्यावरची रचना मांडण्याची ही भाषा २०१० साली क्यूट या सॉफ्टवेअर-संचाच्या ४.७ आवृत्तीबरोबर आली. आधी हे कर, मग ते कर, असे हुकूम इथे फारसे द्यावे लागत नाहीत. काय आहे ते सांगायचं: हा चौकोन शेजारच्याच्या निम्मा रुंद आहे. शेजारचा वाढला की हा आपोआप वाढतो.

चौकोनाला हाक मारायची तर त्याला आयडी द्यायचा. हे नाव वेशीआतलं. एका फाइलीत 'मारुती' एकच. दहा फाइलींत दहा असले तरी तंटा नाही. हाक मारली की शोध आधी स्वतःच्या वेशीत होतो, मग या फाइलीला जिने बोलावलं त्या बाहेरच्या फाइलीत, मग तिच्याही बाहेर. शेजारच्या गावात कुणी डोकावत नाही. कुठेच सापडलं नाही, तर असं नाव इथे नाही, अशी चूक पडद्यावर उमटते. नांदुरात मारुतीचा पत्ता विचारल्यासारखंच हे.

इथवर सोपं होतं. मी अडलो ते पुढे, आणि चांगला दोन दिवस अडलो. फाइल म्हणजे गाव नव्हेच. ती गावाचं वर्णन आहे. एकदा लिहिलेल्या वर्णनावरून हवी तितकी गावं वसतात. रिपीटर हा घटक एकाच वर्णनाच्या प्रती काढतो. त्याला 'पाच' म्हटलं की पाच गावं उभी, प्रत्येकात आपापला मारुती. एकाला शेंदूर लावला म्हणून बाकीचे लाल होत नाहीत. वर्णनातच शेंदूर लिहिला तर पाचही शेंदरी होतात. मी बाहेर उभा राहून 'मारुती' म्हणत होतो आणि यंत्र ओळख देत नव्हतं. देणार कशी? नाव एक, मारुती पाच. त्या पाचांपैकी कुठल्याही गावात शिरून तीच हाक मारली, तर तिथलाच मारुती बिनचूक ओ देतो. आतून बाहेरचा रस्ताही दिसतो. रस्त्यावरून आतला देव दिसत नाही.

बाहेरूनच हवा असेल तर रिपीटरला गावाचा क्रमांक सांगायचा, आणि त्या गावानं आपला मारुती बाहेरच्यांसाठी खुला केलेला हवा. मोजणी शून्यापासून असते. तिसरं गाव हवं, तर दोन म्हणायचं.