ब्रेक पॅड व ब्रेक ऑईल : रस्त्याचे वेगळे, ट्रॅकचे वेगळे

गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांकडे हल्ली नव्या प्रकारचे गिऱ्हाईक येते. "रेसिंगचे पॅड टाका, पैशाची काळजी नको," असे तो म्हणतो. अशा वेळी महाग माल खपवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : गाडी चालणार कुठे?

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे यंत्र. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूरच्या ट्रॅकवर गाडी दर वळणाला जोरात ब्रेक मारते, डिस्कला थंड व्हायला सवड मिळत नाही. म्हणून ट्रॅकचे पॅड जास्त उष्णता सोसतील असे बनवलेले असतात. परंतु त्यातले बरेच पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी थंड गाडी घेऊन निघालेल्या माणसासमोर अचानक मूल आले, तर हाच महाग पॅड दगा देऊ शकतो. शिवाय तो आवाज करतो आणि डिस्क लवकर खातो. रोजच्या वापराला कंपनीने सांगितलेल्या दर्जाचा पॅडच योग्य.

पुष्कळ पॅडच्या कडेला इंग्रजी दोन अक्षरे असतात. पहिले साधारण तापमानातील पकड दाखवते, दुसरे तापल्यानंतरची. 'ई' म्हणजे 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. पॅड किती टिकेल, हे मात्र त्यावरून कळत नाही.

आता ब्रेक ऑईल. प्रमाणानुसार नवे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसला उकळते, डॉट 4 230 अंशांना, डॉट 5.1 260 अंशांना. हे ऑईल हवेतील ओल शोषते. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हेच किमान आकडे अनुक्रमे 140, 155 व 180 वर येतात. ऑईल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे; कोकणासारख्या दमट भागात तर टाळाटाळ नकोच. ट्रॅकवर जाणाऱ्याने जाण्यापूर्वी ताजे ऑईल भरावे. उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये. डॉट 5 हे सिलिकॉनचे असते, ते इतरांत कधीही मिसळू नये. इंजिन ऑईल चुकून पडले तर रबरी सील फुगून निकामी होतात.

घाट उतरून आलेल्या गिऱ्हाईकाची तक्रार नीट ऐकावी. पेडल मऊ पडले असेल तर संशय ऑईलवर घ्यावा. पेडल कडक, पण गाडी थांबत नसेल तर पॅड जास्त तापले असावेत. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा सल्ला फुकट द्यावा.

शेवटी कारागिरांसाठी : ब्रेकची धूळ हवेच्या पाईपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकते, त्याचा धोका फुप्फुसांना आहे. ओल्या फडक्याने पुसा. पॅडचे अस्तर 3 मिलिमीटरवर आले की गिऱ्हाईकाला ते काढून दाखवा. डोळ्यांनी पाहिलेले त्याला पटते, आणि तो पुन्हा तुमच्याच दारात येतो.